हिरवा भडक का होतो आणि तो आवरायचा कसा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोकणात राहणाऱ्या एक ताई पावसाळ्यातली भातखाचरं जलरंगात रंगवतात. त्यांच्याकडे सॅप ग्रीन आणि व्हिरिडियन ह्यू अशा दोन हिरव्या ट्यूबा आहेत, तरी झाडं प्लास्टिकची दिसतात आणि सगळं चित्र एकाच हिरव्यात बुडून जातं. त्यातच घराला रंग काढलाय. हॉलच्या भिंतीसाठी त्यांनी शेडकार्डावरून एक शांत वाटणारा हिरवा निवडला, रंगाऱ्यानं पहिला हात मारला आणि भिंत पोपटाच्या पिंजऱ्यासारखी दिसायला लागली. त्या विचारतात की कागदासाठी आणि भिंतीसाठी नेमका कुठला हिरवा घ्यावा?

ताई, मी निसर्गचित्रं रंगवतो, शिकवतो आणि घरांच्या रंगकामात रंगसंगती ठरवून देण्याचं कामही बरीच वर्षं करतोय. ही दोन्ही दुखणी माझ्याकडे वेगवेगळ्या माणसांकडून येतात, तुमच्याकडे ती एकाच वेळी आली आहेत हे बरंच झालं, कारण त्यांचं मूळ एकच आहे. तुमची ट्यूब चुकलेली नाही आणि शेडचा नंबरही चुकलेला नाही. तुमचा हिरवा फार शुद्ध आहे. त्यात लालाचा अंश नाही आणि त्याच्या शेजारी त्याला धरून ठेवणारं काही नाही. म्हणून नवा हिरवा विकत घेण्याआधी आहे तो हिरवा मोडायला शिकावं लागेल.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. सॅप ग्रीन हे एका रंगद्रव्याचं नाव राहिलेलं नाही. पूर्वी तो एका झुडपाच्या फळांच्या रसापासून करत. आज प्रत्येक कंपनी आपापलं मिश्रण भरते, त्यामुळे एकीचा सॅप ग्रीन पिवळसर असतो तर दुसरीचा काळपट. मी सांगितलेलं प्रमाण तुमच्या ट्यूबला जसंच्या तसं लागू पडेल असं नाही. भिंतीच्या बाबतीत तर खिडकीची दिशा, बाहेरची झाडी, फरशीचा रंग आणि रात्रीचे दिवे यांवर निम्मा निकाल ठरतो. म्हणून मी कृतीपेक्षा कारणं जास्त सांगणार आहे. कारण कळलं की प्रमाण तुमचं तुम्हाला सापडेल.

आधी निळा आणि पिवळा मिळून हिरवा का होतो ते बघू, कारण भडकपणाची किल्ली तिथेच आहे. पिवळा रंग प्रकाशातला निळा भाग गिळतो, हिरवा आणि लाल परत पाठवतो. निळा रंग लाल भाग गिळतो, निळा आणि थोडा हिरवा परत पाठवतो. दोन्ही एकत्र आले की दोघांनीही न गिळलेला असा हिरवाच उरतो. आता निळा प्रशियन असेल तर तो हिरवा बराच परत पाठवतो आणि लाल जवळजवळ सगळा गिळतो. त्यात लेमन यलो मिसळलात तर हिरवा झळझळीत निघणारच. त्याउलट अल्ट्रामरीन हा जांभळ्याकडे झुकलेला निळा आहे. तो थोडा लाल परत पाठवतो आणि हिरवा बराचसा खाऊन टाकतो. त्यामुळे अल्ट्रामरीन आणि पिवळ्याचा हिरवा जरा मळका, मऊ होतो. चित्रात बहुतेक ठिकाणी आपल्याला तोच हवा असतो.

हे वाचून सोडून देऊ नका, हातानं करून बघा. एका कागदावर डावीकडून खाली लेमन यलो, गॅम्बोज ह्यू (उबदार पिवळा), यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि वर आडवे प्रशियन ब्लू, अल्ट्रामरीन, काळा असे लावा आणि प्रत्येक जोडीचं मिश्रण त्या त्या चौकटीत भरा. नऊ हिरवे मिळतील. प्रशियन आणि लेमनचा हिरवा तुम्हाला ओळखीचा वाटेल, तुमच्या प्लास्टिकच्या झाडांचा तोच. प्रशियन आणि गॅम्बोज हा जुना, भरदार पानांचा हिरवा. अशाच मिश्रणाला हूकर्स ग्रीन म्हणत, विल्यम हूकर या इंग्लिश वनस्पती-चित्रकाराच्या नावावरून. अल्ट्रामरीन आणि ऑकर एकत्र आले की करडा हिरवा मिळतो, लांबच्या डोंगराचा. आणि काळा अधिक लेमन ही जोडी तर प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला चकित करते, कारण त्यातून सुंदर ऑलिव्ह, आपला शेवाळी निघतो. काळ्या रंगद्रव्यात निळ्याचा झाक असतो, पिवळ्याच्या संगतीत तो उघडा पडतो. दगडी पायऱ्यांवरचं शेवाळ आणि ओल्या कौलांवरची हिरवट झाक मी याच जोडीनं रंगवतो.

या तक्त्यात ट्यूबमधला हिरवा कुठेच नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल. तो फेकून द्यायचा नाही. तुमच्या व्हिरिडियन ह्यू ट्यूबवर बारीक अक्षरात रंगद्रव्याचा क्रमांक असला तर तो बघा. खरा व्हिरिडियन म्हणजे पीजी १८, क्रोमियमचा एक ऑक्साइड. तो सौम्य असतो, कागदावरून बराचसा उचलताही येतो. नावापुढे 'ह्यू' असेल तर आत बहुधा पीजी ७ असतो, म्हणजे थॅलो ग्रीन. थॅलो कुळातला निळा १९३५ च्या सुमारास आणि हिरवा त्यानंतर दोन-तीन वर्षांत बाजारात आला. हे रंग फार टिकाऊ आणि फार ताकदवान. ब्रशच्या टोकावर आला तेवढा थॅलो ग्रीन सगळं पॅलेट हिरवं करतो आणि कागदात मुरला की निघत नाही. निसर्गात असा थंड, निळसर, काचेसारखा हिरवा पानात जवळपास सापडत नाही. नुसता वापरला की डोळा लगेच त्याला पकडतो आणि म्हणतो, हे झाड नाही.

पण याच थॅलोमध्ये बर्न्ट सिएना, म्हणजे मातीचा तांबूस तपकिरी, मिसळा. आधी सिएना घ्या आणि हिरवा त्यात थोडा थोडा घाला, उलट करू नका. आंब्याच्या गाभ्यातला, फणसाच्या सावलीतला गर्द हिरवा मिळेल. आणखी थोडा सिएना घातला तर करवंदीच्या जाळीचा तपकिरी हिरवा. थॅलोमध्ये क्रिमसन घातलात तर जवळजवळ काळा होतो, आणि हा काळा ट्यूबमधल्या काळ्यापेक्षा जास्त खोल आणि जिवंत दिसतो. फक्त ॲलिझरिन क्रिमसन पातळ थरात उजेडानं फिका पडतो, म्हणून भिंतीवर लावायच्या चित्रात मी त्याच्याऐवजी सिएना किंवा टिकाऊ क्विनाक्रिडोन लाल घेतो. लाल हा हिरव्याचा विरोधी रंग. तो हिरव्यात गेला की हिरव्याचा तोरा उतरतो, पण हिरवेपण जात नाही. किती लाल घातला की हिरवा अजून हिरवा राहतो, ते बोटांना कळायला लागणं हीच या विषयातली खरी कमाई.

आता तुमच्या खाचराकडे येतो. श्रावणातलं एक खाचर डोळ्यांसमोर आणा. लावणी होऊन महिना झालाय. ढगाळ दुपार. पुढे भात, मध्ये बांध, बांधावर दोन-चार झाडं, मागे उतार, त्याच्या मागे डोंगर. नवशिका माणूस या पाचही गोष्टींना हिरवं म्हणतो आणि एकाच वाटीतून रंगवतो. मी शिकवताना आधी रंगाचं नावच काढू देत नाही. डोळे किलकिले करा आणि फक्त उजळ काय, गडद काय ते सांगा. फोन हाताशी असेल तर दृश्याचा फोटो काढून तो कृष्णधवल करा. दिसेल ते असं: आकाश सर्वांत उजळ, त्याखालोखाल सपाट पडलेलं भातशेत, त्याहून गडद उतार, आणि सर्वांत गडद उभी झाडं. कारण साधं आहे. ढगाळ दिवशी उजेड वरून येतो. आडवी जमीन तो पुरा झेलते, उतार अर्धा झेलतो, उभ्या झाडाच्या वाट्याला सर्वांत कमी येतो. हा क्रम कागदावर जुळला की हिरव्याची छटा थोडी इकडेतिकडे झाली तरी चित्र उभं राहतं. क्रम चुकला तर जगातला सर्वांत अचूक हिरवाही त्याला वाचवू शकत नाही.

तुमचं सगळं चित्र एकाच हिरव्यात बुडतं असं तुम्ही लिहिलंय. माझा अंदाज असा की तिथे छटा एक असण्यापेक्षा टोन, म्हणजे उजळ-गडदपणा, एक झालाय. जलरंग वाळल्यावर फिका होतो, म्हणून झाडांचा गडदपणा तुम्ही ओला असताना ठरवला असेल तर वाळल्यावर तो भाताच्या पातळीवर येऊन बसतो. झाडं ओली असताना जरा जास्तच काळी वाटतील इतकी गडद लावा.

क्रम ठरला की मग छटा. भाताचं शेत मी लेमन यलोच्या पातळ वॉशनं, म्हणजे भरपूर पाण्यातल्या सपाट थरानं, सुरू करतो आणि तो ओला असतानाच त्यात कुठे प्रशियनचा थेंब, कुठे किंचित ऑकर सोडतो. एका खाचराला एकच हिरवा कधीच देऊ नका. रोपवाटिकेतला तरवा पिवळट पोपटी असतो, लावलेलं रोप जमिनीत धरेपर्यंत जरा मलूल आणि करडं दिसतं, मग गर्द होतं आणि पोटरीत आल्यावर त्यावर पुन्हा पिवळसर झाक येते. शेजारशेजारच्या दोन खाचरांच्या लावणीत आठवड्याचा फरक असेल तर त्यांचे हिरवे वेगळे असतात आणि बांधाची रेघ न काढताही ती वेगळी दिसतात. खाचरात पाणी उघडं असेल तिथे आकाशाचा करडा सोडून द्या, कागद कोरा ठेवला तरी चालेल. त्या कोऱ्या फटी भाताला श्वास देतात.

झाडांच्या बाबतीत पानाची एक गोष्ट ध्यानात ठेवा. आंब्याचं किंवा फणसाचं पान वरून मेणचट, चकचकीत असतं. त्यावर आकाश उमटतं, त्यामुळे ढगाळ दिवशी झाडाचा माथा करडा, निळसर दिसतो. तेच पान उजेडाच्या विरुद्ध बाजूनं बघितलं तर उजेड त्यातून आरपार येतो आणि ते पिवळं पोपटी पेटतं. म्हणजे एकाच झाडावर वर थंड करडा हिरवा, कडेला उबदार पिवळा हिरवा आणि पोटात सिएनाचा काळपट हिरवा असे तीन हिरवे एका वेळी असतात. आंब्याला कोवळी पालवी फुटली असेल तर तांबूस ठिपकेही येतील, आणि ते तांबूस शेजारच्या हिरव्याला न बोलता जागेवर बसवतात. माडाच्या झावळ्या पिवळट ऑलिव्ह असतात, त्यांना काळा आणि लेमनची जोडी छान लागू पडते. बांबूच्या बेटाला मी अल्ट्रामरीन आणि गॅम्बोज घेतो.

लांबच्या डोंगरात पिवळा पहिल्यांदा नाहीसा होतो. मधली दमट हवा निळसर पडदा टाकते आणि पावसाळी सह्याद्रीत तो पडदा एकेका डोंगररांगेगणिक जाड होत जातो. म्हणून पुढच्या हिरव्यात पिवळा भरपूर, मधल्यात कमी, मागे नुसता अल्ट्रामरीन आणि चिमूटभर बर्न्ट सिएना. अल्ट्रामरीनचे कण खरखरीत कागदाच्या खळग्यांत बसतात आणि दूरच्या झाडीचा पोत आपोआप येतो, तिथे ब्रशनं पानं काढत बसू नका. आणि हे दृश्य पावसाळ्याचं आहे हे विसरू नका. दिवाळीनंतर तेच गवत सोनेरी होतं आणि त्या चित्रात हिरवा चार-पाच ठिकाणीच उरतो. विरोधाभास वाटेल, पण हिरवा जपून वापरायला शिकायचं असेल तर मार्गशीर्षातली उघडी टेकडी रंगवावी.

आणखी एक उपाय, जो कागदावर आणि भिंतीवर दोन्हीकडे चालतो. रंग एकटा कधीच दिसत नाही, शेजाऱ्यासकट दिसतो. मिशेल शेव्हरल हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात रंगाईचा प्रमुख होता. विणकाम करताना एक रंग दुसऱ्याशेजारी बदललेला का दिसतो याचा त्यानं अभ्यास केला आणि १८३९ साली त्यावर ग्रंथ छापला. लालाशेजारी ठेवलेला करडा रंग हिरवट भासतो, कारण डोळा विरोधी रंग स्वतःहून पुरवतो. याचा फायदा घ्या. मातीच्या वाटेत गेरू असू द्या, घराच्या कौलांत बर्न्ट सिएना, एखाद्या लुगड्याच्या ठिपक्यात लाल. मग शेजारचा हिरवा तुम्ही कितीही मळका ठेवलात तरी तो टवटवीत दिसेल.

अजिंठ्याच्या भिंतींवर हे फार चांगलं बघायला मिळतं. तिथला हिरवा म्हणजे हिरवी माती, लोह असलेलं एक मृण्मय खनिज. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणातल्या पोकळ्यांत तसलं हिरवं अस्तर आजही आढळतं. मुळात हा रंग दुबळा, करडा, झाकणशक्ती कमी. पण गेरूच्या लालसर तपकिरी आणि पिवळ्या मातीच्या सोबतीला बसल्यावर तो पुरेसा हिरवा दिसतो आणि शतकानुशतकं टिकलाय. मध्ययुगीन लघुचित्रांत याच्या उलट उदाहरणं आहेत. तिथे जंगाल, म्हणजे तांब्याच्या गंजाचा झळाळता हिरवा वापरला जाई. तो दिसायला देखणा, पण पुष्कळ चित्रांत त्यानं खालचा कागदच खाऊन टाकलाय, हिरव्याच्या जागी तपकिरी भेगा पडल्यात.

कागदाचं आवरतं घेतो. आधी उजळ-गडदाचा क्रम, मग पिवळ्याचं प्रमाण, मग हिरवा मोडायला लाल, शेवटी शेजारचा रंग. ट्यूबमधला हिरवा या सगळ्यानंतर आणि कधीही नुसता नाही. विकत आणायचं असेल तर बर्न्ट सिएनाची मोठी ट्यूब आणा, हिरव्याची नको.

आता भिंत. शेडकार्डावरचा तुकडा बोटभर असतो आणि त्याच्या भोवती पांढरा कागद असतो. तोच रंग भिंतभर लागला की दोन गोष्टी घडतात. एक तर मोठ्या पृष्ठभागावर रंग जास्त जोरकस वाटतो. दुसरं, भिंतींवरून परतलेला प्रकाश समोरच्या भिंतीवर, छतावर, फरशीवर आपटून पुन्हा भिंतीवर येतो आणि दर फेरीत थोडा आणखी हिरवा होतो. त्यामुळे खोलीत हिरवा साठत जातो. तुम्ही कोकणात आहात, खिडकीबाहेर झाडी असेल तर आत येणारा उजेडच पावसाळ्याचे चार महिने हिरवट असतो. त्यात फरशी लाल असेल किंवा बाहेरचा जांभा दिसत असेल तर शेव्हरलचा नियम इथेही लागू होतो आणि हिरवा आणखी उठतो. तुमचा शेड कार्डावर शांत आणि भिंतीवर भडक दिसण्याचं कारण हेच.

इथे बहुतेक जण एक उपाय करतात, तो टाळा. ते म्हणतात भडक झालाय ना, मग त्यात पांढरा घालून फिका करू. शुद्ध हिरव्यात पांढरा घातला की पिस्ता होतो, दवाखान्याच्या भिंतीचा. शस्त्रक्रियेच्या खोल्यांत हिरवा आला त्याला कारण होतं, लाल रक्ताकडे एकटक बघणाऱ्या डोळ्याला पांढऱ्या भिंतीवर हिरवट डाग भासतात आणि हिरव्या भिंतीवर ते विरून जातात. तुमच्या हॉलमध्ये तशी गरज नाही. हॉलमध्ये माणसं बसतात आणि हिरव्या भिंतीचा परतलेला प्रकाश चेहऱ्यावर पडला की माणूस आजारी दिसतो. तुम्हाला हवाय तो फिका नव्हे, मळका हिरवा. कार्डावर त्याच्या शेजारच्या पट्टीत असा रंग असेल जो सुटा बघितला तर करडाच वाटेल, हिरवा आहे की नाही अशी शंका यावी इतका. तो घ्या. भिंतीवर तो खात्रीनं हिरवा दिसेल. मी गिऱ्हाईकाला नेहमी कार्डावर ज्याच्यावर बोट ठेवलंय त्याच्यापेक्षा एक-दोन पायऱ्या करडा शेड सुचवतो, आणि भिंत झाल्यावर तो जास्त करडा झाला अशी तक्रार क्वचितच येते.

दुकानातलं मशीन तरी काय करतं? पांढऱ्या किंवा पारदर्शक बेसमध्ये ठरलेल्या नंबरनुसार रंगांची मात्रा सोडतं. शांत हिरव्यांच्या नंबरात हिरव्यासोबत पिवळा ऑक्साइड, काळा आणि कधी लाल ऑक्साइड असतो. म्हणजे तुम्ही कागदावर सिएना घालून जे करता तेच. तुमचा आधीचा डबा उघडला गेलाय आणि वाया घालवायचा नसेल तर त्यात लाल ऑक्साइडचं स्टेनर, म्हणजे रंगात मिसळायचा दाट रंग, थेंबाथेंबानं घालून तोही मोडता येतो. मात्र डब्यावर लिहिलेल्या मर्यादेपलीकडे स्टेनर घालू नका, थर नीट वाळत नाही आणि पुसल्यावर रंग हाताला लागतो. शिवाय हातानं मोडलेला रंग पुन्हा तसाच जुळवणं अवघड, म्हणून संपूर्ण भिंतीला पुरेल एवढा एकदम करून घ्या. मशीनचा रंग असला तरी सगळे डबे एका पिंपात ओतून ढवळायला सांगा, नाहीतर भिंतीच्या मध्यावर दुसरा डबा सुरू झाला की जोड दिसतो.

भिंतीवर थेट नमुना लावू नका असं मी सांगतो. आजूबाजूचा जुना रंग डोळ्याला फसवतो. प्लायचा किंवा जाड पुठ्ठ्याचा दोन बाय दोन फुटांचा तुकडा घ्या, प्रायमर मारा, रंगाचे दोन हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. इमल्शन ओलं असताना दुधाळ दिसतं आणि वाळल्यावर गडद होतं, जलरंगाच्या अगदी उलट. चुन्याचा हात मात्र वाळल्यावर खूप उजळतो. रंगाऱ्याला ओल्या भिंतीवर पसंती देणारी माणसं इथेच फसतात. वाळलेला बोर्ड खिडकीसमोरच्या भिंतीला टेकवा, मग खिडकीच्याच भिंतीला, मग कोपऱ्यात. सकाळी बघा, दुपारी बघा, आणि रात्री तुमचेच दिवे लावून बघा. पांढऱ्या थंड ट्यूबखाली, म्हणजे ६५०० केल्विनच्या आसपास, निळसर हिरवा बर्फाळ होतो. ३००० केल्विनच्या उबदार दिव्याखाली पिवळसर हिरवा मोहरीकडे झुकतो. पडद्याचं कापड आणि भिंत दिवसा जुळतात आणि रात्री फारकत घेतात, कारण दोघांतली रंगद्रव्यं वेगळी आणि प्रत्येक दिव्यात रंगांचं मिश्रण वेगळं. पडदा भिंतीशी तंतोतंत जुळवण्याचा हट्ट म्हणूनच सोडा. भिंत करडी हिरवी असेल तर पडदा कच्च्या सुताचा, गव्हाळ किंवा गेरूच्या झाकेचा घ्या, दिवे बदलले तरी तो बिघडत नाही.

गिलावा नवा असेल तर त्याला वाळायला आणि मुरायला वेळ द्या. ताज्या सिमेंटमध्ये आणि चुन्यात क्षार असतो आणि तो काही रंगद्रव्यांना खातो. प्रशियन ब्लू त्यातला पहिला बळी, क्षारात तो तपकिरी पडतो. कुणी चुन्यात निळा-पिवळा कालवून हिरवा करू म्हणालं तर हे आठवा. चुन्याच्या भिंतीला क्रोमियम ऑक्साइडचा हिरवा किंवा थॅलो ग्रीन टिकतो, आणि क्रोमियम ऑक्साइड तर जातीचाच मळका, झाकणारा, शांत असतो.

तुमच्या घराचे जुने दरवाजे किंवा ग्रिल हिरव्या ऑइलपेंटचे असतील तर त्याबाबत जरा गंभीरपणे सांगतो. जुन्या हिरव्या एनॅमलांत क्रोम यलो आणि प्रशियन ब्लूचं मिश्रण खूप वापरलं जाई, आणि क्रोम यलो म्हणजे शिशाचं संयुग. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त नको असा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांबद्दल खात्री देता येत नाही. असा दरवाजा कोरडा घासू देऊ नका. पॉलिशपेपर पाण्यात भिजवून घासायला सांगा, रंगाऱ्याला मास्क द्या, लहान मुलांना त्या खोलीपासून दूर ठेवा आणि खाली पडलेला गाळ झाडून न उडवता ओल्या फडक्यानं उचला. हिरव्याचा इतिहास या बाबतीत वाईटच आहे. १७७५ मध्ये शेले या रसायनशास्त्रज्ञानं शोधलेला आणि १८१४ मध्ये जर्मनीतल्या श्वाइनफुर्टला तयार झालेला असे दोन झळाळते हिरवे आर्सेनिकचे होते, आणि एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या घरांच्या भिंतींना त्यांनी रंगवलेले कागद चिकटवलेले असत.

छत पांढरं ठेवा, पण निळसर पांढरं नको, किंचित दुधी चालेल. हिरवी भिंत एकच करायची असेल तर खिडकीच्या समोरची निवडू नका, तिच्यावर सगळा उजेड पडतो आणि तिथून खोलीभर हिरवा उधळतो. खिडकीला काटकोनात असलेली भिंत निवडा, तिच्यावर उजेड घसरत जातो आणि एका टोकाकडून दुसरीकडे छटा हळूहळू उतरत जाते.

शेडचा नंबरच हवा असेल तर बोर्ड करून झाल्यावर पुन्हा विचारा. तेव्हा खिडकी कुठल्या दिशेला आहे, बाहेर काय दिसतं, फरशी कसली आहे, रात्री कुठले दिवे लावता आणि आधी निवडलेला शेड कोणता होता, एवढं लिहा. फोनवरच्या फोटोत पांढरा रंग फोन आपल्या मनानं ठरवतो, म्हणून फोटो काढताना बोर्डाला एक कोरा पांढरा कागद चिकटवून ठेवा.